पुसलं, धुतलं, फिनाईल मारलं, तरी मांजराच्या मुताचा वास परत येतोय? कुठं अडतंय ते बघू

मिरगाचा पाऊस लागला की आमच्या पेठेत दोन तक्रारी हमखास सुरू होतात. एक, भिंतीला ओल आली. दुसरी, मांजरानं कुठंतरी घाण केलीय पण जागा सापडत नाही. उन्हाळाभर ज्या घरात कसलाही वास नव्हता तिथं जिन्याखाली, पलंगामागं, चपलांच्या रॅकपाशी नाक चुरचुरायला लागतं. मग मांजराला शिव्या बसतात. पुष्कळदा त्या बिचाऱ्यानं त्या दिवशी काही केलेलंच नसतं. मार्चमध्ये कधीतरी केलेलं असतं, तेव्हाच कुणीतरी ते पुसलेलंही असतं. वास मात्र गेलेला नसतो, नुसता दबलेला असतो, आणि हवा दमट झाली की वर येतो.

म्हणून कितीदा पुसलं हे मोजत बसू नका. मूत कुठवर मुरलंय आणि जे ओतताय ते तिथवर पोचतंय का, एवढंच बघा. वास परत येणारी बहुतेक घरं मी बघितलीत ती याच ठिकाणी अडलेली असतात. वरची फरशी लखलखीत, आणि खाली सांध्यात सगळं तसंच.

हा वास एवढा चिवट का

मांजर मूळचं कोरड्या मुलखातलं जनावर. अंगातलं पाणी जपून वापरतं, त्यामुळं त्याचं मूत घट्ट असतं. त्यातल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात आणि डोळ्यांत पाणी आणणारा तो पहिला वास सुटतो. पण अमोनिया उडून जातो, पाण्यानं धुतलाही जातो. त्याची फार काळजी नको.

खरा त्रास फेलिनीनचा. हे गंधक असलेलं एक अमिनो आम्ल, मांजराच्या मुतात भरपूर असतं. ताज्या मुतात त्याचा वास येत नाही. ते हळूहळू फुटतं आणि त्यातून थायॉल नावाची गंधकाची संयुगं सुटतात. ती इतकी उग्र असतात की अगदी नखाएवढी असली तरी नाकाला कळतात. पहिल्या दिवशी वास कमी आणि चौथ्या दिवशी जास्त, असं का होतं याचं उत्तर इथं आहे. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की मुतातलं कॉक्सिन नावाचं प्रथिन हे फेलिनीन तयार करायला मदत करतं, आणि खच्ची न केलेल्या बोक्यात दोन्हींचं प्रमाण मादीपेक्षा कितीतरी जास्त असतं. "बोक्याचा वास येगळाच असतोय" असं जुनी माणसं म्हणतात ते खरंच आहे.

पाणी वाळून जातं, पण क्षार आणि न फुटलेलं फेलिनीन फरशीच्या फटीत, कापसात, लाकडाच्या रेषांत बसून राहतं. क्षार हवेतली ओल धरतात. ओल मिळाली की जंतूंचं काम पुन्हा सुरू. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. घडी घातलेले कपडेसुद्धा दमट लागतात.

पावसाळ्याचं आणखी एक कारण आहे, त्याकडं कुणी बघत नाही. एरवी परसात, नाहीतर शेजारच्या बांधकामावरच्या वाळूत जाऊन येणारं मांजर चिखलात पाय घालायला तयार नसतं. त्याला कोरडी जागा पाहिजे, आणि कोरडी जागा आता घरातच. तेव्हा जूनमधला वास दोन प्रकारचा असू शकतो, जुना उठलेला किंवा नवा केलेला. नवा असेल तर डाग ओला सापडतो, नाहीतर त्याच्या कडेला चिकट पिवळसर रेघ दिसते. जुना नुसता नाकाला लागतो, डोळ्याला काही दिसत नाही.

आधी काय ओतायचं नाही

शेजारच्या काकू परवा गॅलरीतून म्हणाल्या, "अगं, दोन टोपणं फिनाईल जास्त टाकलं, तरी दुपारी हाय तसंच!"

"काकू, फिनाईलचा वास उडाला की खालचा वर येणारच की. आणि ते पायाला लागलेलं तुमची मनी चाटती, ते तिला बाधतंय."

"मग काय टाकू? ॲसिड?"

तर ॲसिड तर अजिबात नको. एकेक सांगते.

काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून निघालेली फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात, पांढऱ्यात बहुधा पाइन तेल. माणसाचं यकृत अशी द्रव्यं पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. फरशीवरून चालायचं आणि मग पंजा चाटायचा हा त्याचा दिवसभराचा उद्योग, त्यामुळं जे फरशीवर ते पोटात. डांबराच्या गोळ्या, कापूर, निलगिरीचं तेल, चहाच्या झाडाचं म्हणून मिळणारं तेल, हे सगळं याच यादीत. कोपऱ्यात डांबर गोळ्या टाकून मांजर हटवायचा उपाय आपल्याकडं सर्रास सांगतात. मांजर हटायच्या आधी आजारी पडेल.

ब्लीच किंवा जंतुनाशक म्हणून मिळणारं क्लोरीनचं पाणी मुतातल्या अमोनियावर पडलं की क्लोरामाईन वायू तयार होतो. घसा धरतो, डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याला जास्तच त्रास. बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर थेट क्लोरीन. मोरीचं दार लावून हे प्रयोग करू नका.

आणि चुना. जुन्या भिंतीला वास येतो म्हणून बरेच जण वरून चुन्याचा हात मारतात. शाळेच्या प्रयोगशाळेत अमोनिया वायू कसा करायचे आठवतंय का? अमोनियमचा क्षार आणि चुना एकत्र तापवून. मूत मुरलेल्या भिंतीवर ओला चुना लावला की तोच प्रयोग थंड्या चालीनं होतो. दोन दिवस घरात बसवत नाही, आणि लोक म्हणतात चुना खराब निघाला.

जागा शोधणं

यात घाई केली की पुढचं सगळं वाया. मांजर जिथं बसलं ती जागा आणि वास जिथून येतो ती जागा एकच असेल असं नाही. जुन्या घरांत फरशीला मोरीकडं उतार दिलेला असतो. पलंगाच्या डोक्याशी केलेलं मूत सांध्यातून वाहत जाऊन कपाटाच्या पायाखाली थांबतं. लाकडी पायाचा खालचा कापलेला भाग ते सरळ वर ओढून घेतो. अशा कपाटाचा पाय उचलून खालून बघा. कडेला काळसर पट्टा आणि त्यावर पांढरट क्षार बसलेले दिसतील. फरशी शंभरदा पुसली तरी वास त्या पायातून येत राहणार.

अतिनील टॉर्च ऑनलाइन स्वस्तात मिळतो. ३६५ किंवा ३९५ नॅनोमीटर लिहिलेला घ्या. रात्री सगळे दिवे बंद करून फरशीच्या जवळ आडवा धरला की वाळलेलं मूत पिवळट-हिरवट चमकतं. एक लक्षात ठेवा, कपड्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी घातलेली द्रव्यंही या उजेडात चमकतात, पण निळसर. सांडलेलं दूधही दिसतं. म्हणून टॉर्चनं नुसती खूण करायची, निकाल नाकानं द्यायचा. खडूनं गोल काढून ठेवा, दिवा लावल्यावर काही दिसत नाही.

टॉर्च नसला तर पाण्याची युक्ती. संशयाच्या जागी एकेक करून कोमट पाणी थोडं शिंपडा, दहा मिनिटं थांबा आणि खाली वाकून वास घ्या. ओल लागली की खरी जागा लगेच कळते. सगळ्या घराला एकदम पाणी मारू नका, मग नाक सगळीकडं तेच सांगतं. फरशी-भिंतीच्या सांध्याला, दाराच्या चौकटीच्या खालच्या टोकाला आणि सोफ्याच्या मागल्या कापडाला पहिला नंबर द्या.

ताजं असेल तर

काम सोपं आहे. जुन्या सुती कापडानं किंवा रद्दीनं दाबून टिपायचं, घासायचं नाही. घासलं की पसरतं आणि खाली जातं. मग थोडं साधं पाणी ओतून पुन्हा टिपायचं. कापड कोरडं निघेपर्यंत हे करायचं. वरून खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवायचा, सकाळी झाडून घ्यायचा. गरम पाणी वापरायचं नाही. निम्मं दुखणं एवढ्यानंच टळतं.

जुनं मुरलेलं असेल तर

इथं तुमच्या घराची फरशी कोणती यावर सगळं अवलंबून आहे. व्हिनेगर मारा, लिंबू मारा, असं सांगणाऱ्यांनी शहाबादी बघितलेली नसावी.

शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. संगमरवरही त्याच घराण्यातला, आणि मोझॅकमध्ये सिमेंटात संगमरवराच्याच चिपा असतात. आंबट काहीही लागलं की यांची चकाकी जाते, वरचा थर खाल्ला जातो आणि दगडाची छिद्रं आणखी मोकळी होतात. पुढच्या वेळी मूत जास्त खोल जातं. आपली फरशी यातली आहे का याची खात्री नसेल तर कपाटामागं, जिथं दिसणार नाही तिथं, लिंबाचा एक थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर फिकट डाग राहिला, तर त्या घरात व्हिनेगरची बाटली स्वयंपाकघरातच राहू द्या.

जुन्या वाड्यांत पायऱ्या-ओट्यांना काळा दगड असतो, त्याला आंबटाचं फारसं काही होत नाही, पण सांधे चुन्याचे किंवा सिमेंटचे असतात आणि मूत मुरतं ते सांध्यातच. नव्या फ्लॅटमधल्या व्हिट्रिफाईड टाइलचंही तेच. टाइल काही पीत नाही, मधली पांढरी भर पिते. तीन-चार टाइलांच्या सांध्यातूनच वास येत असेल तर तेवढी भर खरवडून काढून इपॉक्सीची भर भरून घेतलेली बरी. फरशीवाला एका दुपारचं काम म्हणून करून देतो, आणि पुढं कधी मुरायचा प्रश्न राहत नाही.

खेड्यातल्या सारवलेल्या जमिनीचं काम यापेक्षा सोपं. वरचा बोटभर थर खुरप्यानं खरवडून बाहेर टाकायचा, नवी पांढरी माती भरून चोपायची आणि सारवायचं. कुठलीही बाटली लागत नाही.

आता बाटल्यांकडं येऊ. मुरलेल्या मुतावर मला दोनच गोष्टींचा भरवसा वाटतो.

पहिली, एन्झाइम क्लीनर. प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. त्यातली विकरं, काहींत जिवंत जंतूही, मुतातले घटक फोडून टाकतात. "मी वापरलं, काही उपयोग झाला नाही" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी वापरायची पद्धत विचारली की तेच निघतं: दोन फवारे मारले आणि फडक्यानं पुसलं. दोन फवाऱ्यांत ते खालपर्यंत जाणार कसं? जितकं मूत मुरलं तितकंच, किंबहुना थोडं जास्तच, ओतावं लागतं. वर ओलं फडकं, त्यावर प्लास्टिकचा कागद, कडेला विटा नाहीतर डबे ठेवून रात्रभर ओलं राखायचं. वाळलं की विकरांचं काम थांबतं. ओतायच्या आधी तिथं फिनाईल, साबण, ब्लीच मारलेलं असेल तर ते साध्या पाण्यानं दोनदा धुऊन टिपून घ्या, नाहीतर तेच विकरांना मारून टाकतं. पाणी कडक गरम नको, त्यानंही विकरं निकामी होतात. पहिले एक-दोन दिवस वास वाढल्यासारखा वाटतो. घाबरून फिनाईल मारू नका. नीट वाळू द्या आणि गरज वाटली तर पुन्हा करा.

दुसरी, हायड्रोजन पेरॉक्साइड. थायॉलचा वास घालवायचा तर त्याचं ऑक्सिडीकरण करावं लागतं, आणि ते काम हे चोख करतं. १९९३ मध्ये पॉल क्रेबॉम या अमेरिकन रसायनतज्ज्ञाची एक कृती तिथल्या रसायनशास्त्राच्या साप्ताहिकात छापून आली होती. स्कंक नावाचा तिकडचा एक प्राणी कुत्र्यावर घाणेरडा फवारा मारतो, त्यासाठी. त्या फवाऱ्यातही थायॉलच असतात, म्हणून ती कृती मांजराच्या मुतालाही लागू पडते. ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड साधारण एक लिटर, पाव कप खाण्याचा सोडा, चमचाभर भांडी घासायचं लिक्विड. आपल्याकडं मेडिकलमध्ये बहुतेक ठिकाणी ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्क्यांचं झालं. एका कोपऱ्यासाठी लिटरभर लागत नाही, याच प्रमाणात वाटीभर करा.

हे मिश्रण उघड्या प्लास्टिकच्या भांड्यात करायचं, लगेच ओतायचं आणि उरलेलं मोरीत टाकून द्यायचं. बाटलीत भरून झाकण लावलं तर आतल्या वायूनं बाटली फुटते. हातमोजे घाला, पंधरा-वीस मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसून घ्या. रंगीत कापड, पॉलिश केलेलं लाकूड, सतरंजी यांचा रंग उडतो, म्हणून आधी दडलेल्या कोपऱ्यावर बघा. व्हिनेगरमध्ये मिसळू नका, त्यातून दाहक द्रव्य तयार होतं. दोन्ही औषधं एकाच वेळी एका जागी नकोत. पेरॉक्साइड विकरांनाही सोडत नाही. फरशीला पेरॉक्साइड आणि गादी-सोफ्याला एन्झाइम, अशी मी वाटणी करते.

गूळ, संत्र्या-लिंबाची सालं आणि पाणी तीन महिने आंबवून करतात ते घरगुती बायोएन्झाइम आपल्याकडं आता घरोघरी आहे. गुळाची तर कोल्हापुरात काय वाण. फरशी पुसायला चांगलं आहे ते. पण मुरलेल्या मुतावर त्याच्याकडून फार आशा धरू नका. तीन महिन्यांनी बाटलीत उरतं ते मुख्यतः सौम्य आम्ल, म्हणजे काम व्हिनेगरचंच. अमोनिया मारेल, थायॉलला हात लावणार नाही, आणि शहाबादीला डाग पाडेल तो वेगळाच.

गादी, भिंत, लाकूड, चपला

कापसाच्या गादीत मूत मुरलं तर वरून काहीही ओतून उपयोग नाही, कारण आत गेलेलं पाणी पावसाळ्यात वाळत नाही आणि कापसाला बुरशी धरते. गादी कारखान्यात न्यायची, उसवून डाग लागलेला कापूस काढून टाकायचा, बाकीचा पिंजून नव्या खोळीत भरून घ्यायचा. फोमच्या गादीला एन्झाइम चालतं, पण ती उभी करून पंख्यासमोर चार-पाच दिवस वाळवायची तयारी पाहिजे. वाळली की लागलीच वर रेक्झीनचं कव्हर घाला. एकदा सवय लागलेलं मांजर तिथं पुन्हा येऊन बघतंच.

भिंतीचा गिलावा बराच पितो. जमिनीपासून फूट-दीड फुटावर बोक्यानं मुताचा फवारा मारल्याचे ओघळ असतील तर तो भाग पेरॉक्साइडनं दोन-तीनदा ओला करून धुवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. पूर्ण म्हणजे दिवाळीच्या आसपासचं ऊन खाऊन. मग तेलाचा प्रायमर आणि वर रंग. डिस्टेंपरमधून वास पाझरतो, तेलाच्या प्रायमरखाली तो अडकून राहतो. ओल्या भिंतीला पावसातच प्रायमर मारला तर पोपडे येतील आणि खर्च दुप्पट होईल.

प्लायवूड हा सगळ्यात हट्टी. त्याचे थर फुगून सुटले असतील तर तो तुकडा कापून बदलावा, दुसरा उपाय नाही. सागवान, शिसवी असेल तर एन्झाइमचं ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं, सावलीत वाळवायचं, वरून पॉलिश.

कोल्हापुरी चपलेबद्दल मला नेहमी विचारतात. बोक्यांना कातड्याच्या चपलेचं काय वेड असतं कुणास ठाऊक, शेजारी रबरी स्लीपर असली तरी धार कोल्हापुरीवरच. हे कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. पाणी जास्त झालं की ते कडक होतं, काळं पडतं. पेरॉक्साइड लावलं तर रंगही जातो. ताजं असेल तर लगेच टिपा, ओलसर फडक्यानं पुसा, आत सोडा भरलेली सुती पुरचुंडी ठेवून दोन-तीन दिवस सावलीत राहू द्या, मग एरंडेलाचा हलका हात. तळव्याच्या थरांत शिरलेलं असेल तर चपलेचा मोह सोडा. उन्हात ठेवून वास जाईल या आशेवर लोक ती वाळवतात आणि चपलेची पापडी होते.

सगळं करूनही तिथंच परत करतंय

मग प्रश्न फरशीचा उरत नाही, मांजराचा आहे.

एरवी शहाण्यासारखं वागणारं मांजर अचानक कुठंही करायला लागलं तर पहिल्यांदा डॉक्टर. मूत्राशयाचा दाह, खडे, म्हाताऱ्या मांजरात किडनीचा किंवा मधुमेहाचा त्रास, यात असं होतं. दुखतं तिथं जायचं नाही म्हणून ते शी-शूचा ट्रे सोडतं आणि गार फरशी, मऊ गादी शोधतं. आणि नर मांजर वारंवार बसतंय, कण्हतंय, पण थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. मूत्रमार्ग अडकला की एक-दोन दिवसांत जीव जातो. बद्धकोष्ठ झालंय असं समजून लोक दूध-तूप पाजत बसतात.

तब्येत ठीक असेल तर ट्रे बघा. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, हा डॉक्टर सांगतात तो हिशोब बरोबर आहे. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी हवा. दुकानातला टीचभर ट्रे बोक्याला पुरत नाही; पुढचे पाय आत, मागचं बाहेर, आणि आपण म्हणतो मुद्दाम बाहेर करतंय. प्लास्टिकचं मोठं घमेलं उत्तम. त्यात कोरडी वाळू, नाहीतर वखारीतला लाकडाचा भुसा. भुसा धूळ चाळून घ्यायचा आणि मे महिन्यातच पोतं भरून कोरड्यात ठेवायचं, जूनमध्ये मिळतो तो ओला. रोज दोन वेळा काढायचं. घमेलं वॉशिंग मशीनशेजारी किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर नको. बाहेर जाणाऱ्या मांजराला पाऊस लागायच्या आधीच, मेअखेरीस, घमेल्याची सवय लावली तर या लेखातलं निम्मं काम करावंच लागणार नाही.

ज्या जागी आधी केलंय ती नीट धुऊन झाल्यावर तिथंच त्याची खाण्याची वाटी ठेवून बघा. मांजर जेवतं तिथं सहसा करत नाही.

उभ्या जागेवर, म्हणजे दाराला, पडद्याला, स्कूटरच्या चाकाला थोडं थोडं मारलेलं असेल आणि मारताना शेपटी ताठ करून थरथरवत असेल, तर ती हद्द आखणं आहे. ट्रे किती का ठेवा, थांबत नाही. त्यावर खात्रीचा इलाज शस्त्रक्रिया. दहातले नऊ बोके खच्ची केल्यावर फवारे सोडून देतात किंवा अगदी कमी करतात. पाच-सहा महिन्यांचा असतानाच केलं तर सवय बहुधा लागत नाही. माद्याही मारतात, माजावर आल्या की जास्त.

पेठेत बहुतेक वेळा हा बोका कुणाचाच नसतो, सगळ्यांच्या दारात जेवतो आणि सगळ्यांच्या दाराला धार मारतो. त्याला पोत्यात घालून नदीपलीकडं सोडून यायचा सल्ला देणारे प्रत्येक गल्लीत आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं जनावराला असं वाऱ्यावर सोडणं गुन्हा ठरू शकतो, आणि व्यवहार म्हणूनही ते फुकट आहे, कारण रिकाम्या हद्दीत महिन्याभरात दुसरा बोका येतो. आमच्या गल्लीत चार घरांनी वर्गणी काढून एकाचं ऑपरेशन करून घेतलं. पिंजऱ्यात धरून दवाखान्यात न्यायला तरणी पोरं तयार असतात, त्यांना नुसतं सांगावं लागतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फवारे बंद होत नाहीत. अंगातली संप्रेरकं ओसरायला काही आठवडे जातात, आणि तोवर जुन्या खुणा धुतल्या नाहीत तर तो आणि त्याचे भाईबंद त्याच जागी येत राहतात. त्या दिवसांत दाराच्या चौकटीला आणि गेटच्या खांबाला एक दिवसाआड एन्झाइम मारा, स्कूटरला जमिनीपर्यंत येणारं कव्हर घाला आणि चपलांचा रॅक उचलून आत घ्या.